दडपलेल्या सत्याची प्रुफे

इतिहासावर माझा राग नाही. माझी तक्रार इतिहासाच्या प्रुफांबद्दल आहे. मी घरबसल्या मुद्रितशोधन करते. पुण्यात हा धंदा अजून टिकून आहे याचे श्रेय मराठी भाषेला नसून निवृत्तिवेतनाला आहे. शहरात निवृत्त माणसे भरपूर, त्यांच्याकडे वेळ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना जगाचा खरा इतिहास समजलेला आहे. तो साधारण साठीनंतर समजतो. नोकरीत असताना तेवढी सवड झालेली नसते.

पूर्वी माझ्याकडे नर्मदा परिक्रमा यायच्या. अमेरिकेत मुलाकडे राहून आलेल्यांची प्रवासवर्णने यायची, त्यांत नायगारा आणि नातवंडे ठरलेली. त्या पुस्तकांनी कोणाचे काही बिघडत नसे. आता खरा इतिहास येतो. 'खरा' हा शब्द मुखपृष्ठावर असतोच. गावात एकच पेढेवाला असतो तोवर कोणी 'अस्सल' अशी पाटी लावत नाही, त्यामुळे ही पाटी दिसली की शेजारी दुसरे दुकान आहे एवढे मला कळते. मुखपृष्ठावर उगवता सूर्य, त्यासमोर एखादे शिखर किंवा पिरॅमिड, आणि कोपऱ्यात एक डोळा. हा डोळा कोणाचा, ते आतापर्यंत एकाही लेखकाने मला सांगितलेले नाही.

कामाच्या अटी स्पष्ट आहेत. ऱ्हस्व-दीर्घ बघायचे, विरामचिन्हे बघायची, पृष्ठक्रमांक बघायचे. 'मजकुरात हात घालू नये.' म्हणजे अश्वत्थामा इ. स. पू. ५५६१ साली विमानाने पेरूला गेला असे लिहिले असेल, तर 'पेरू'तला रू दीर्घ आहे ना, एवढे पाहणे माझे काम. तो दीर्घ असतो. लेखक मंडळी या बाबतीत काटेकोर असतात.

या शाखेचे आमच्याकडचे आद्य पुरुष म्हणजे पु. ना. ओक. जन्म १९१७, इंदूर. मृत्यू २००७, पुणे. मधल्या काळात आझाद हिंद सेना, पत्रकारिता, आणि १९६४ साली भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी स्थापन केलेली संस्था. माणूस मेहनती होता, हे कोणी नाकारत नाही. ताजमहाल हा मुळात तेजोमहालय नावाचा शिवमंदिर-प्रासाद होता, हा त्यांचा सिद्धांत घराघरांत पोचलेला आहे. तो पुस्तकातून पोचला, नंतर फोनवरून पोचला, आणि आता मुंजीच्या पंगतीत शेजारचा माणूस तो आपणच शोधून काढल्यासारखा सांगतो.

या सिद्धांताची गंमत अशी की त्याचा पाया एका खऱ्या कागदावर आहे. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने 'बादशाहनाम्या'त सरळ लिहून ठेवले आहे की ताजची जागा राजा मानसिंगाच्या वंशजांची होती, तिथे त्यांची वास्तू होती, आणि ती राजा जयसिंगाकडून बदल्यात दुसरी मालमत्ता देऊन घेतली. त्या बदल्यात आग्र्यातल्या चार हवेल्या दिल्याचे डिसेंबर १६३३ चे फर्मानही उपलब्ध आहे. हा जयसिंग म्हणजे परका कोणी नव्हे, पुढे १६६५ साली पुरंदरच्या तहाला आपल्यासमोर बसलेले तेच मिर्झाराजे. आता एखाद्याने जागा घेतली, खरेदीखत केले, मोबदला दिला आणि दप्तरी नोंद ठेवली, याला आपल्याकडे व्यवहार म्हणतात. पुस्तकात याला 'पकडला गेलेला गुन्हेगार' म्हणतात. त्याच जयसिंगाला मकराण्याहून संगमरवर आणायला गाड्या पुरवा म्हणून गेलेली फर्मानेही आहेत. संगमरवरी देऊळ आयते उभे असताना बादशाह राजस्थानातून गाड्या भरभरून संगमरवर कशाला मागवत होता, हा प्रश्न मी एकदा समासात पेन्सिलीने लिहिला. उत्तर आले, 'दिशाभूल करण्यासाठी.' म्हणजे सतराव्या शतकातला मोगल बादशाह विसाव्या शतकातल्या वाचकाला फसवायला दगड वाहत होता. एवढा दूरदर्शी राज्यकर्ता मोगलांत झाल्याचे मला माहीत नव्हते.

पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस त्या सुमारास आग्र्यात होता. थडग्याचे काम सुरू झालेले त्याने पाहिले आणि लिहून ठेवले. तोही बहुधा कटात होता. हा कट फार मोठा आहे. त्यात मोगल आहेत, इंग्रज आहेत, पुरातत्त्व खाते आहे, आणि नंतर न्यायालयेही आली. ओकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली. याचिकाकर्त्याच्या डोक्यात किडा वळवळतो आहे अशा अर्थाचा शेराही मारला. २०२२ साली ताजमधल्या बंद खोल्या उघडा अशी मागणी घेऊन एक गृहस्थ अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे गेले, तेव्हा न्यायमूर्तींनी त्यांना आधी रीतसर शिक्षण घेऊन संशोधन करायला सांगितले. हा सल्ला मला मनापासून आवडला, पण माझ्या उत्पन्नाच्या दृष्टीने घातक आहे.

ओकांच्या पद्धतीचा त्रास मला धंद्यात होतो. ती पद्धत अशी: व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चनिटी म्हणजे कृष्णनीती, रोम म्हणजे राम. कान जुळला की इतिहास जुळला. हे पुढच्या पिढीने इतके मनावर घेतले की माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात एकेका साम्राज्याचा डोलारा एकेका वेलांटीवर उभा असतो. प्रूफवाचकाने वेलांटी दुरुस्त केली की स्कँडिनेव्हिया हातचा जातो. या पद्धतीचा एक नियम मला समजला आहे. आपला शब्द कुठेही जाऊ शकतो, बाहेरचा शब्द इथे कधीच येत नाही. ज्या कागदावर हे छापले जाते आणि ज्या शाईने छापले जाते, ते दोन्ही शब्द आपल्याकडे फारसीतून आले, हे मी कोणाला बोलत नाही. पानामागे तेवढे पैसे मिळत नाहीत.

दुसरी शाखा परग्रहवासीयांची. एरिक फॉन डॅनिकेन या स्विस हॉटेल व्यवस्थापकाने १९६८ साली आपले पहिले पुस्तक काढले, आणि प्राचीन माणसाने जे जे बांधले ते ते आकाशातून आलेल्या पाहुण्यांच्या खात्यावर जमा केले. बऱ्याच प्रकाशकांनी ते आधी परत केले होते; ज्याने घेतले त्याने एका जाणत्या लेखकाकडून सगळा मजकूर नव्याने लिहून घेतला, मग छापला. दोन वर्षांनी हॉटेलच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल डॅनिकेन यांना शिक्षा झाली, तोवर पुस्तक जगभर गेले होते. मराठीत बाळ भागवतांनी 'देव? छे! परग्रहावरील माणूस!' आणले, आणि एका पिढीची उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. माझीही गेली. विरामचिन्हांच्या दृष्टीने हे नाव थोर आहे: आधी प्रश्न, लगेच झिडकारणे, मग ठाम उत्तर. आजचे लेखक एवढे धाडस करत नाहीत. ते प्रकरणाच्या शेवटी नुसते प्रश्नचिन्ह ठेवतात. 'मग हे अणुयुद्ध तर नव्हते?' हे विधान नाही, त्यामुळे त्याला पुरावा लागत नाही. हा प्रश्न नाही, त्यामुळे त्याला उत्तर चालत नाही. एका हस्तलिखितात अशी प्रश्नचिन्हे इतकी होती की अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने कळफलकावरची ती कळ बदलून घेतली.

डॅनिकेन यांनी दिल्लीच्या लोहस्तंभालाही हात घातला होता. सोळाशे वर्षे झाली तरी गंज नाही, म्हणजे धातू या जगातला नाही. पुढे त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत हा दावा मागे घेतला. आमच्याकडच्या हस्तलिखितांना ते कोणी कळवलेले नाही. कानपूरच्या आयआयटीतल्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्या स्तंभाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. गुप्तकाळातल्या लोहारांनी गाळलेल्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त होते; त्यामुळे वरच्या पातळ गंजाचाच एक दाट थर तयार झाला आणि तोच आतल्या लोखंडाला जपतो. म्हणजे तो गंजतो, आणि गंजल्यामुळे टिकतो. परग्रहवासीयापेक्षा ही गोष्ट मला जास्त चमत्कारिक वाटते. पण तिला मुखपृष्ठावर डोळा काढता येत नाही.

आता वेरुळाकडे यावे लागेल, कारण गेल्या वर्षभरातला माझा सगळा मनस्ताप तिथला आहे. एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर कैलास लेण्यावरचे हस्तलिखित घेऊन आले. सिद्धांत असा की एका अखंड कड्यातून, वरून खाली, दोन लाख टन खडक काढून एवढे देऊळ कोरणे मानवाला अशक्य, सबब, किरणयंत्र. मी म्हटले, "साहेब, हे राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळातले मानतात ना, आठव्या शतकातले?"

"मॅडम," ते म्हणाले, "माझी सगळी हयात साइटवर गेली. माझ्या ठेकेदारांना एक साधी गटार मुदतीत बांधता आली नाही. आठव्या शतकात हे कसे होईल, तुम्हीच सांगा."

हा युक्तिवाद मी फार वेळ मनात घोळवला. यात इतिहास नसला तरी अनुभव होता. शेवटी समासात हिशेब मांडला. समजा पाचशे पाथरवट आहेत, वर्षातले अडीचशे दिवस काम आहे, आणि वीस वर्षे ते चालले आहे. दोन लाख टनांना भागले की माणशी दिवसाला ऐंशी किलो येते. बेसाल्ट जड असतो. ऐंशी किलो म्हणजे आकाराने सुमारे दोन बादल्या. छिन्नी-हातोडीने कसलेल्या माणसाला दिवसाला दोन बादल्या दगड. किरणयंत्राला हे काम म्हणजे अपमान. इंजिनिअरसाहेबांनी आकडेमोड तपासली, बरोबर आहे म्हणाले, आणि खोडरबराने खोडली. "याने गूढ जाते," असे कारण दिले.

गूढ हवे असेल तर ते वडोद्याच्या ताम्रपटात आहे. राष्ट्रकूट घराण्यातल्याच कर्क सुवर्णवर्ष याचा तो ताम्रपट, नवव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणजे लेण्यानंतर जेमतेम अर्धशतकाचा. त्यात म्हटले आहे की एलापुरातले कृष्णराजाचे देऊळ पाहून विमानांतून जाणारे देवही थक्क झाले, आणि हे आपल्या हातून कसे झाले म्हणून घडवणारा शिल्पीही अचंबित झाला. मी हे साहेबांना दाखवले, आणि माझी सगळ्यात मोठी पंचाईत तिथे झाली, कारण ते खुर्चीवरून उठलेच. "विमान! लिहिलंय पाहा, विमान!" त्या विमानातले देव प्रेक्षक आहेत, ठेकेदार नाहीत, आणि ज्याने काम केले त्या शिल्प्याचा पुढच्याच ओळीत उल्लेख आहे, हे मी सांगितले. साहेबांनी ताम्रपट घेतला, शिल्पी वगळला.

मला त्या शिल्प्याचे वाईट वाटते. आधीच त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. जुन्या मराठी 'कथाकल्पतरू'त शिखर दिसेपर्यंत अन्नाला न शिवण्याचे व्रत घेतलेल्या राणीची आणि पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराची गोष्ट आहे. म्हणून देऊळ वरून खाली कोरले गेले: आधी शिखर, म्हणजे राणी जेवायला मोकळी. ही दंतकथाच आहे, पण तिची पातळी बघा. त्यात मुदत आहे, ग्राहकाचा हट्ट आहे, आणि कामाची युक्ती आहे. ज्याने ती रचली त्याने निदान कोणाला तरी काम करताना पाहिले होते. वेरूळ-अजिंठ्यात कितीतरी लेणी अर्धवट सोडलेली आहेत. छिन्नीचे घाव जसेच्या तसे दिसतात, कुठून सुरुवात केली आणि कुठे थांबले तेही दिसते. परग्रहावरून आलेल्या मंडळींचेही बिल थकत असावे.

हे सगळे छापते कोण, हा प्रश्न साहजिक आहे. पूर्वी प्रकाशक नावाचा एक खडूस माणूस असे. त्याच्याकडे हस्तलिखित गेले की ते बरेच महिने त्याच्या टेबलाखाली राही आणि मग 'साभार परत' येई. त्या दोन शब्दांनी मराठीत पुष्कळ घरांत दुःख केले आहे, आणि पुष्कळ कागद वाचवला आहे. आता पॅकेज असते. चांदी, सोने, प्लॅटिनम. चांदीत मुखपृष्ठ आणि अक्षरजुळणी. सोन्यात प्रस्तावना आली. ती लिहिणारे निवृत्त प्राचार्य ठरलेले असतात आणि ते पुस्तक न वाचता लिहितात, हे मी त्यांच्या बाजूने सांगते आहे. प्लॅटिनममध्ये हॉल, बॅनर, शाल-श्रीफळ, फोटोग्राफर आणि बटाटेवडा. मुद्रितशोधनापुढे कंसात 'ऐच्छिक' असे लिहिलेले असते.

पॅकेजात आयएसबीएनची वेगळी रक्कम लावलेली असते. हा तेरा आकडी क्रमांक आपल्या देशात दिल्लीची राजा राममोहन राय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था फुकट देते. लेखकाने स्वतः अर्ज केला तरी मिळतो. हे मी एका लेखकाला सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. त्यांच्या मते पैसे देऊन मिळालेला क्रमांक जास्त पक्का असतो. शिवाय या क्रमांकाने पुस्तकाला शासनमान्यता मिळते अशी समजूत आहे. पाठीमागचे ते उभ्या रेघांचे चौकोनी चित्र बोटाने दाखवून एकाने मला सांगितले की आता हे संशोधन सरकारदरबारी नोंदले गेले. तसाच क्रमांक लोणच्यांच्या पुस्तकालाही असतो. लोणच्यांच्या पुस्तकात निदान करून पाहता येते.

मग वितरण. त्याची जबाबदारी लेखकाची. म्हणजे प्रती घरी येतात आणि दिवाणात जातात. ज्या घरात मी प्रुफे पोचवायला जाते तिथे पाहुण्याला बसायला सांगतात तेव्हा तो पाचशे प्रतींवर बसतो. लग्नात, बारशाला, सोसायटीच्या सभेत 'सप्रेम भेट' होते. ऑनलाइन दुकानाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या विभागात नातेवाइकांनी एका दुपारी मिळून दहाबारा प्रती मागवल्या की पुस्तक काही तासांपुरते पहिल्या क्रमांकावर जाते. त्या तासांचा फोटो काढून ठेवायचा आणि पुढच्या आवृत्तीवर 'बेस्टसेलर' छापायचे. त्यानंतर पुरस्काराचे पत्र येते. पुरस्काराला प्रवेशशुल्क असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की या साखळीत प्रत्येकाला लेखकच पैसे देतो. प्रकाशकाला, प्राचार्यांना, हॉलवाल्याला, मला. 'साभार परत' म्हणायचे पैसे कोणालाच मिळत नाहीत. प्रेमकवितांच्या बाबतीत त्याने फार बिघडत नाही, पण ज्या लेखनाला पहिल्याच पानावर कोणीतरी 'कशावरून?' विचारायला हवे होते, ते नेमके याच वाटेने छापखान्यापर्यंत पोचते, आणि वाटेत त्याला फक्त शुभेच्छा भेटतात.

हे दुखणे फक्त आपले नाही. उम्बेर्तो एको यांच्या 'फुकोज पेंड्युलम' या १९८८ च्या कादंबरीत मिलानमधला एक प्रकाशक लेखकांच्याच पैशांनी पुस्तके काढतो, आणि गूढ पंथांवर, टेम्प्लर सरदारांवर लिहिणारे लोक हे सर्वांत उत्तम गिऱ्हाईक असल्याचे त्याच्या लक्षात येते. ती विनोदी कादंबरी म्हणून वाचतात. मला ती व्यवसाय-मार्गदर्शक वाटली. अमेरिकेत तर लेखकांच्या एका टोळीने परीक्षाच घेतली. एक प्रकाशनसंस्था 'आम्ही निवडक पुस्तकेच घेतो' असे म्हणत होती. या मंडळींनी मुद्दाम जितकी वाईट लिहिता येईल तितकी वाईट कादंबरी लिहून पाठवली. नाव 'अटलांटा नाइट्स'. त्यात एक प्रकरण दोनदा होते, एक प्रकरण नव्हतेच, आणि एक प्रकरण संगणकाने शब्द उलटसुलट जोडून तयार केले होते. २००४ च्या अखेरीस हस्तलिखित स्वीकारल्याचे पत्र आले. लेखकांनी बिंग फोडल्यावर संस्थेने प्रस्ताव मागे घेतला. मी ही गोष्ट आमच्या एका प्रकाशकांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पण पॅकेज कुठले होते?"

स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढणे वाईट, असे मात्र मला म्हणता येत नाही. तसे म्हटले तर मराठीतली अर्धी विद्वत्ता जाईल. केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढून भाग विकले आणि वर्गणीदार गोळा करत हिंडले. तेवीस खंड निघाले. राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव पायपीट करत. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड निघाले. राजवाड्यांनाही व्युत्पत्तीचा नाद होता, आणि त्या नादात ते कधीकधी ओकांच्या अंगणापर्यंत जाऊन येत. पण त्यांनी कागद छापले, पूर्ण छापले, म्हणजे त्यांचेच म्हणणे चुकीचे आहे हे दुसऱ्याला त्यांच्याच खंडांतून दाखवता येते. माझ्याकडच्या लेखकांचे कागद नेहमी हिमालयातल्या एका मठात असतात.

आणि 'प्रस्थापित इतिहासकारांनी दडपले' हे तर मला वैयक्तिक दुखणे आहे, कारण प्रस्थापित इतिहासकार मी जवळून पाहिले आहेत. त्यांना एकत्र येऊन चहाची वेळ ठरवता येत नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा की १६३० चा, यावर या शहरात किती शाई गेली ते बघा. लोकमान्य टिळकांना भोर संस्थानातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडून शकावली मिळाली, ती १९१६ साली छापून आली, त्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. मग कुंडल्या, बखरी, प्रतिपक्षाची पत्रके. १९६६ साली सरकारने समिती नेमली, ती समितीही एकमताने उठली नाही. पुढे सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली, आणि तरी तिथीवाले तिथीला आणि तारीखवाले तारखेला जयंती करतात. तीन वर्षांच्या फरकावर शंभर वर्षे भांडणारी ही मंडळी दहा हजार वर्षांचा जागतिक कट एकजुटीने आणि गुपचूप चालवत असतील, तर मला त्यांचा अभिमानच वाटेल. माझ्या लेखकांना महाभारत युद्धाची तारीख वारासकट ठाऊक असते. बहुधा तो मंगळवार असतो.

दडपण्याबद्दल सरकारचीही एक बाजू आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने तीस दिवसांत स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवायची असते. शिवाय चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांनाही. म्हणजे 'शासनाने दडपलेले सत्य' शासन चार शहरांत कपाटात ठेवते, क्रमांक घालते आणि झुरळांपासून वाचवते. हे मी इंजिनिअरसाहेबांना सांगितले. त्यांनी मलपृष्ठावर 'शासनाने दडपलेले' याच्या जोडीला 'शासनाच्या संग्रही' असे घातले. दोन्हींत 'शासना'चा श तालव्य आहे का, एवढे मी पाहिले.

पुस्तक निघाले. हॉलमध्ये प्रकाशन झाले, प्राचार्य बोलले, बटाटेवडा बरा होता. माझी प्रत घरी आली, सही करून, 'सप्रेम भेट'. तिची किंमत माझ्या बिलातून वळती केलेली होती, सवलत धरून. आभाराचे पान माझ्याकडे प्रुफाला आलेच नव्हते, ते छापखान्यात शेवटच्या दिवशी घातले गेले. त्यात अक्षरजुळणीखाली, छायाचित्रांच्या वर, 'संशोधन साहाय्य' असा मथळा आहे आणि त्यापुढे एकच नाव आहे. माझे.

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून एका गृहस्थांचा फोन आला. शाळेत शिक्षक होते म्हणाले. पुस्तक त्यांनी नगरवाचनालयातून आणले होते. त्यांनी नमस्कार-चमत्कार न करता विचारले, "वडोद्याच्या ताम्रपटाचा जो उतारा दिला आहे, त्यात शिल्प्याची ओळ का नाही?"

मी म्हटले, "हे लेखकांना विचारायला हवं."

"विचारलं," ते म्हणाले. "ते म्हणाले, संदर्भ सगळे मॅडम बघतात."